भिंगरी चित्रात नाही

१

"या चित्रात मी कुठं आहे?"

भिंगरीने हे प्रयोगशाळेतल्या सरांना विचारलं, तिथल्या बारकीला विचारलं, आणि एकदा खोलीत कुणी नसताना नुसत्या पडद्यालाही विचारलं. सरांनी चष्मा काढून पुसला. बारकीने त्याच्या दंडाला हात लावला आणि "सकाळपासून काही खाल्लंयस का?" एवढंच म्हणाली. ज्याच्या घरात दुःख ताजं आहे तो माणूस काहीबाही बोलतो, ते मनावर घ्यायचं नसतं, असं त्यांना वाटलं असणार. माणसं चांगलीच होती ती. पण प्रश्न वेडाचा नव्हता.

भिंगरी हे नाव ताईने पाडलेलं. बसला की पाय हलवायचा, उभा राहिला की खिशातल्या किल्ल्या वाजवायचा, दार लावायचा ते भिंत हादरेल असं. आठवीत असताना शाळेने त्याला आणि त्याने शाळेला एकाच आठवड्यात सोडलं. पुढे गॅरेज झालं, छापखाना झाला, एका बेकरीत तर तो भट्टी तापेपर्यंतच टिकला. ताई मात्र शिकत गेली, शिकतच गेली, आणि या प्रयोगशाळेच्या तळघरातल्या एका मशीनपाशी येऊन थांबली. मग सरांच्या मागे लागून तिने धाकट्या भावाला इथल्या गॅस विभागात चिकटवून दिलं. मशीन गार ठेवणाऱ्या द्रवरूप हेलियमच्या मोठ्या पोटाच्या टाक्या चाकांवरून ढकलत न्यायच्या आणि त्यांतलं हेलियम मशीनमध्ये भरायचं, हे काम.

"याला जागेवर बसायचं काम देऊ नका," ताईने सरांना बजावलं होतं. "बसवलात तर पायाने जमीन उकरेल."

आणि तो इथे टिकला. आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी टिकला. त्याबद्दल ताईला त्याने कधी धड दोन शब्द म्हटले नाहीत. बहिणीचे कोण आभार मानतं?

२

ताईचं मशीन खड्यांचे पृष्ठभाग बघायचं. खडा म्हणजे नखाच्या कोपऱ्याएवढा काळा, पापुद्र्यांचा स्फटिक. इतका गार करायचा की त्यातून वीज कुठेही न अडखळता वाहू लागते. खड्याच्या डोक्यावर एक बारीक खुंटी चिकटवलेली असे. हवा काढून घेतलेल्या पोकळीत ताई बाहेरून दांडा फिरवून त्या खुंटीला एक टोला द्यायची. खुंटी उडायची, तिच्याबरोबर वरचा पापुद्रा उडायचा, आणि खाली जे उघडं पडायचं ते जगात त्याआधी कुणीही पाहिलेलं नसायचं. मग त्यावर एक सुई आणायची, न टेकवता, इतकी जवळ की मध्ये धूळही मावणार नाही. सुई पुढे सरकायची आणि पडद्यावर एकेका रेघेने चित्र उमटायचं. अणूंच्या रांगा, ओवलेल्या मण्यांसारख्या.

त्यात अट एकच. कशालाही हलायची परवानगी नाही. मशीन हवेच्या उशांवर ठेवलेलं, खोलीचं दार फोम लावलेलं, आत यायचं ते मोजे घालून. तरीही कुणी खोकलं की रेघा थरथरायच्या.

"हा बघ तू," ताई पडद्यावर बोट ठेवून म्हणायची. सरळ रांगांच्या मधोमध रेघांचा एक पट्टा कुरळा झालेला असायचा. "इथे गाडा घेऊन उतरलास. आणि इथे दार आपटलंस, गाढवा."

"मग पुसून टाक की."

"कशाला? सगळ्यांची चित्रं छानच असतात. माझ्या चित्रात माझा भाऊ आहे."

तसलं एक बिघडलेलं चित्र तिने छापून टेबलाच्या वर टाचून ठेवलं होतं. पाहुणे शास्त्रज्ञ यायचे आणि विचारायचे, हे काय? ती म्हणायची, "भूकंप. आमच्या घरचा."

३

शेवटचा खडा तिने तिच्या हाताने फोडला. चांगली जागा सापडली म्हणून स्वारी खूश होती. त्या जागेवर तिने एक लांबलचक मोजणी लावली, ज्याला ती नकाशा म्हणायची. सुई प्रत्येक ठिपक्यावर थांबणार, तिथल्या जोड्या किती पक्क्या ते चाचपणार, मग पुढे. कसल्या जोड्या, असं भिंगरीने विचारलं होतं.

"विजेचे कण असतात ना, ते एकेकटे असले की धडपडतात, आपटतात. तुझ्यासारखे. थंडीत त्यांच्या जोड्या जमतात. मग ते कशाला न धडकता जातात."

"माझी जोडी कुणाशी?"

"तुझ्याशी कोण लावून घेणार? मीच अडकलेय."

नकाशाला बरेच दिवस लागणार होते. "हा पुरा झाला की मी मोकळी," ती म्हणाली, आणि आंघोळीला घरी गेली. घरी जिन्यातच छातीला हात लावून बसली. फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली, असं डॉक्टर नंतर म्हणाले. आईच्या हाकेला तिने "आले" म्हटलं आणि ती आलीच नाही.

तिला निरोप देऊन सगळे परतले तेव्हा मशीन चालूच होतं. सुई खड्यावर एकेक ठिपका पुढे जात होती, जणू मालकीण चहाला गेलीय.

"तिच्या हाताने लागलंय," सर म्हणाले. "पुरं होऊ दे. तिच्या सगळ्या कामाचा शेवटचा दुवा आहे तो. मधे तुटला तर बाकीच्यालाही अर्थ राहत नाही."

अडचण अशी की नवं हेलियम भरायचं तर सुई मागे घ्यावी लागते, आणि एकदा मागे घेतलेली सुई पुन्हा त्याच अणूंवर येत नाही. आत होतं तेवढ्या थंडीतच नकाशा संपायला हवा होता. कुणीतरी खोलीत बसून पातळीच्या काट्यावर नजर ठेवणं भाग होतं.

"बसशील?" सरांनी भिंगरीला विचारलं.

बारकी ताईच्या हाताखाली शिकणारी पोरगी, अंगाने काडी, म्हणून बारकी. तिने सरांकडे असं पाहिलं की जणू त्यांनी वादळाला दिवा सांभाळायला सांगितलं. पण ताईचे लोकरीचे मोजे तिनेच आणून त्याच्या हातात दिले.

तेवढ्यात वरच्या रस्त्याचं काम निघालं. प्रयोगशाळेच्या भिंतीला लागून रोलर फिरू लागला.

४

पहिल्या सकाळी भिंगरी आत बसला तो जेमतेम तासभर. खोलीत तिची खुर्ची होती, तिचा कप होता, कपात वाळलेल्या चहाचं वर्तुळ होतं. ते वर्तुळ पाहिलं आणि त्याचा बांध फुटला. तो मोठ्याने रडला, गळा काढून. उठताना कमरेचा पाना फरशीवर पडला, त्याचा ठणाणा खोलीभर घुमला, आणि बाहेर पडताना दार हातातून सुटून धाडकन आदळलं.

जिना चढताना त्याला कळलं, आपण काय केलं ते. नकाशाचा चुथडा केला. तिच्या शेवटच्या कामाचा.

वरच्या मजल्यावर, जिथे तेच चित्र दुसऱ्या पडद्यावर दिसायचं, तिथे सर आणि बारकी खाली वाकून बघत होते. तो मान खाली घालून उभा राहिला.

"सर, चुकलं. मला हाकला."

"कशाबद्दल?" सर म्हणाले. "ये, बघ. इतकी स्वच्छ मोजणी या मशीनने कधी दिली नव्हती."

त्याने पाहिलं. रेघा सरळ होत्या, पट्टीने मारल्यासारख्या. पाना पडला ती रेघ सरळ होती. दार आदळलं ती सरळ होती. आणि वर रोलर धडधडत होता, सरांच्या पेल्यातलं पाणी गोल गोल शहारत होतं, तरीही.

तेव्हाच त्याने तो प्रश्न विचारला.

रात्रभर त्याने तो सोडवायचा प्रयत्न केला. आठवी नापासाच्या डोक्याने जमेल तसा. कदाचित उशांत हवा जास्त भरली असेल. कदाचित यंत्र बिघडून उगाच सरळ रेघा मारत असेल. मधे एक विचार असाही आला की गेलंय ते ताई नव्हे, आपणच गेलोय, म्हणून आपण उमटत नाही. तो ताडकन उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायला. आई अंधारात बसलेली होती. "भांडं हळू ठेव रे," ती म्हणाली. त्याला इतकं बरं वाटलं की त्याने भांडं पुन्हा एकदा आपटलं.

दुसऱ्या दिवशी खोलीत जाऊन त्याने मुद्दाम टाच आपटली. हळूच एकदा, मग जोरात. पडद्यावर रेघ हलली नाही. पण त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले, कारण हवेच्या उशांवरचं ते मशीन, जे बोट लावलं तरी डुलतं, ते अजिबात डुललं नाही. कुणीतरी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवावं तसं उभं होतं.

५

दुपार होती. रोलरवाले जेवायला बसले होते, वर सगळं सामसूम. भिंगरी ताईच्या खुर्चीत बसून काट्याकडे बघत होता. सवयीने त्याचा डावा पाय हलू लागला. तो हलतोय हे त्याला नेहमीसारखं कळलंही नाही. कळलं ते पाय थांबला तेव्हा.

त्याने थांबवला नव्हता.

गुडघ्यावर वजन होतं. पँटच्या कापडातून गारठा आत शिरत होता, हेलियमच्या नळीचा असतो तसा कोरडा गारठा. अंगठा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, चार बोटं आतल्या बाजूला. ही पकड त्याला पाठ होती. लहानपणी एकाच टेबलावर दोघं अभ्यासाला बसायची. त्याचा पाय हलला की टेबल हलायचं. ताई पुस्तकातून मान वर न करता टेबलाखालून हात घालायची आणि अशीच त्याचा गुडघा धरून ठेवायची. उजव्या हाताने लिहीत राहायची. कागद दाबून धरायला हात उरायचा नाही, म्हणून तिच्या ओळी तिरक्या जायच्या आणि बाई तिलाच ओरडायच्या. तिने कधी त्याचं नाव सांगितलं नाही.

खाली बघायची त्याची हिंमत झाली नाही. समोर मोठ्या पडद्याच्या बाजूला एक बंद पडदा होता, काळ्या काचेचा. त्यात खुर्ची दिसत होती, त्याचे दोन्ही गुडघे दिसत होते. डाव्या गुडघ्यावर कापडाहून फिकट असं काहीतरी होतं. तिथून ते मागे गेलेलं होतं, खालून, मशीनच्या तीन पायांमधल्या काळोखापर्यंत. मशीन खुर्चीपासून चांगलं खोलीभर लांब होतं. एवढा लांब हात कुणाचा नसतो.

त्याने डोळे मिटून घेतले. भीती तर होतीच. पण त्या भीतीच्या तळाशी दुसरंच काहीतरी उमलत होतं, आणि ते काय आहे हे समजायला त्याला घरी पोचेपर्यंत वेळ लागला. ते समाधान होतं. ती असल्याचं.

कपडे बदलताना आईने गुडघा पाहिला. आतल्या बाजूला चार पांढुरके डाग, बाहेर एक, कडेला लाल.

"भाजलास की काय?"

"थंडीनेही भाजतं, आई. गॅसचं काम आहे."

"ताईला सांगते थांब, तुला नीट..." आई म्हणाली, आणि वाक्य तिथेच राहिलं.

६

मग तो रोज दुपारी मुद्दाम पाय हलवू लागला.

थोडा वेळ हलवायचा आणि वाट बघायची. हात यायचाच. कधी लगेच, कधी उशिरा, पण यायचा. तो काळ्या काचेकडे पाठ करून बसायचा, म्हणजे काही दिसायला नको. नुसतं वजन पुरे होतं. ओठ न हलवता तो तिला घरचं सांगायचा. आई थोडं जेवली. बारकी रोज डबा आणते, तुझी आठवण काढते आणि मग नाक शिंकरते. सर बोलत नाहीत, पण तुझा कप कुणाला धुवू देत नाहीत. आणि त्याला जे कधी म्हणता आलं नव्हतं तेही तो म्हणायचा, की तू मला इथे आणलंस म्हणून मी माणसात आलो. दिवसेंदिवस गारठा वाढत होता. मांडीपर्यंत बधिर व्हायचं, जिना चढताना पाय ओढावा लागायचा. ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

"एक विचित्रच आहे," एकदा बारकी डबा उघडता उघडता म्हणाली. "रोलर डोक्यावर नाचतोय तेव्हा नकाशा काचेसारखा. आणि दुपारी सगळं शांत असतं ना, नेमकं तेव्हा फाटतो. रोज थोडा थोडा जास्त."

"फाटतो म्हणजे?"

"रेघा थरथरतात. आणि तिरक्या जातात, एका बाजूला घसरल्यासारख्या. हे बघ."

त्याने पाहिलं. सरळ रेघांखाली काही रेघा तिरप्या होत्या. कागद धरायला हात उरला नाही की जातात तशा.

"अजून थोडा फाटला तर वाया जाईल का गं?"

"अजून थोडा चालेल," बारकी म्हणाली. "फार नाही. का रे? पांढरा पडलास. हा घास खा आधी."

त्याने घास खाल्ला.

७

शेवटचा पट्टा उरला होता. हेलियमचा काटा तळाला टेकायला आलेला. आणि त्याच सकाळी रोलर नेमका तळघराच्या भिंतीच्या वरच आला. सर वर जाऊन हात जोडून आले, मुकादम म्हणाला आज डांबर गरम आहे, थांबता येत नाही.

"तूच बस," सर भिंगरीला म्हणाले. "नकाशा पुरा झाला की मी वरून बटण दाबतो, आतला लाल दिवा लागेल. दिवा लागला की ही कळ दाबून सुई मागे घ्यायची. एकदाच. तू घे. तिला आवडलं असतं."

"माझ्या हातून काही हळू होत नाही, सर."

"माहीत आहे," सर म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा हसले.

खोलीत गेल्यावर दार त्याने दोन्ही हातांनी लावलं. खुर्चीत बसला. वर धडधड सुरू झाली, छताचा चुन्याचा पापुद्रा सुटून त्याच्या खांद्यावर पडला. पडद्यावर रेघ सरळ चालली होती. आणि आज त्याने काही न करता, निव्वळ भीतीने, त्याचा पाय हलू लागला.

गुडघ्यावर वजन आलं.

त्याच क्षणी रेघ थरथरली आणि एका बाजूला घसरली.

"नको, ताई," त्याने नुसते ओठ हलवले. "माझा सोड. दोन्ही हातांनी ते धर. मी बसतो."

वजन हललं नाही. तिचा विश्वास बसत नसावा. जन्मभरात एकदाही तो बसला नव्हता, मग कसा बसेल? दुसरी रेघ त्याहून तिरकी गेली.

त्याने पाय थांबवला. कसा, ते त्याला नंतर कधी सांगता आलं नाही. श्वास पोटात खाली नेला, दात आवळले नाहीत, मुठी उघडून मांडीवर ठेवल्या. आपण खडा आहोत, गार काळा खडा, आणि आपल्यात काहीच आपटत नाही, असं काहीतरी मनात धरून तो बसून राहिला. पाय सुटू पाहत होता, शिवशिवत होता. त्याने तो सोडला नाही.

एक बोट उचललं गेलं. थोड्या वेळाने दुसरं. मग उरलेली सावकाश, झोपलेल्या पोराच्या अंगावरून हात काढावा तशी.

रेघ सरळ झाली.

रोलर डोक्यावरून गेला, परत आला, पुन्हा गेला. तिच्या कपातला चमचा किणकिणत होता. मशीन हललं नाही. त्याला एकदा वाटलं की तीन पायांमधल्या काळोखाकडे बघावं. एकदाच, ओळख पटण्यापुरतं. मान वळली की खुर्ची करकरणार. त्याने मान वळवली नाही. डोळ्यांतलं पाणी गालावरून हनुवटीपर्यंत आलं, तेही त्याने पुसलं नाही.

लाल दिवा लागला.

कळ त्याच्या बोटाखाली होती. न दाबताही चाललं असतं, थोडा वेळ. सुई खड्याशी आहे तोवर कुणीतरी धरून उभं राहणार, हे त्याला कळत होतं. आणि किती दिवस झाले, ताई टेकलेली नाही, हेही.

"झालं, ताई," तो म्हणाला, या वेळी आवाजात. "पुरा झाला. खूप केलंस."

त्याने कळ दाबली. पडद्यावरची रेघ खाली आली आणि विझली. क्षणभराने वरची धडधड फरशीत उतरली, खुर्चीत आली, त्याच्या दातांत आली, आणि हवेच्या उशांवर मशीन हलकेच डुलू लागलं.

आता आवाज झाला तरी आत काही बिघडणार नव्हतं. तरी तो मोज्यांच्या पावलांनी उठला, बाहेर आला, आणि मूठ फिरवून धरून दार इतकं हळू लावलं की ते लागलं हे त्यालाही ऐकू आलं नाही.